अभनपूरचा फाटा

गावांची वैशिष्ट्ये आणि त्यांची कारणे

निरनिराळ्या गावांसंबंधी चमत्कारिक वाटणारी माहिती गोळा करण्याचा छंद पुष्कळांना असतो. लोणार हे गाव उल्कापाताने निर्माण झालेल्या विवराच्या काठावर वसले आहे; मिरजेत सतारी तयार होतात; सावंतवाडी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे; पैठणने एका वस्त्राला आपले नाव दिले आहे. अशा गोष्टी ऐकताना मौज वाटते. परंतु नुसती यादी पाठ करून ज्ञानात फारशी भर पडत नाही. 'हे असे आहे' एवढे कळल्यावर 'हे असे का?' हा प्रश्न विचारला, तरच माहितीचे रूपांतर ज्ञानात होऊ लागते.

गावाचे वैशिष्ट्य हे बहुधा एखाद्या जुन्या प्रश्नाचे उत्तर असते. पाणी कोठून आणावे, माल कोणत्या वाटेने न्यावा, नदी कोठे ओलांडावी, असे प्रश्न कोणे एके काळी माणसांपुढे उभे राहिले. त्यांनी त्या वेळच्या साधनांनिशी त्यांची उत्तरे दिली. पुढे प्रश्न विसरले गेले. उत्तर मात्र दगडात, रस्त्यात किंवा रुळांत शिल्लक राहिले. ते पाहून आपण म्हणतो, 'काय विचित्र गाव आहे!'

या पुस्तिकेत एकाच लहान गावाचा विचार करावयाचा आहे. ते गाव मोठ्या शहरांच्या यादीत नाही. तेथे प्रचंड किल्ला किंवा राजवाडा नाही. तथापि सव्वाशे वर्षांपूर्वी तेथे आगगाडीच्या वाटेला एक फाटा फुटला, आणि हा फाटाच त्या गावाची ओळख बनला. त्या फाट्याचे कारण शोधू लागले म्हणजे भूमिती, यंत्रशास्त्र आणि अर्थशास्त्र ही तीनही शास्त्रे आपल्या मदतीला येतात.

अभनपूर कोठे आहे?

अभनपूर हे छत्तीसगड राज्याच्या रायपूर जिल्ह्यातील गाव. रायपूर शहराच्या आग्नेयेस ते सुमारे २८ किलोमीटरांवर आहे. मराठी वाचकाला हा प्रदेश अगदी परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. पुढे १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला व नागपूर ही त्याची राजधानी ठरली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत रायपूरचा कारभार नागपूरहूनच चालत असे. छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले.

अभनपूरच्या आसपासचा प्रदेश सपाट असून मुख्यतः भातशेतीचा आहे. दक्षिणेस धमतरी हे गाव आहे. ते भाताच्या गिरण्यांचे व जंगलातील मालाच्या व्यापाराचे ठिकाण होय. त्याच्या पलीकडे सिहावाच्या डोंगराळ भागात महानदीचा उगम होतो. आग्नेयेस राजिम हे तीर्थक्षेत्र आहे. तेथे महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांचा संगम होतो. राजीवलोचनाचे प्राचीन मंदिर तेथे असून माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत मोठी यात्रा भरते.

अशा रीतीने आपल्यापुढे तीन ठिकाणे आहेत. उत्तरेस रायपूर ही मोठी बाजारपेठ व मुख्य लोहमार्गावरील स्थानक. दक्षिणेस धान्य व वनोपज पुरविणारे धमतरी. आणि एका बाजूस राजिम. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने १९०० सालच्या सुमारास रायपूर ते धमतरी असा अडीच फुटी अरुंद मापाचा लोहमार्ग सुरू केला आणि त्याला राजिमकडे जाणारी एक शाखा जोडली. मुख्य वाट व शाखा जेथे एकमेकींपासून वेगळ्या झाल्या, ते ठिकाण अभनपूर.

येथे दोन प्रश्न उपस्थित होतात. फाटा याच ठिकाणी का असावा? आणि रूळ इतके जवळजवळ का असावेत? प्रथम पहिला प्रश्न घेऊ.

तीन गावे जोडण्याचे कोडे

समजा, तीन गावे एकमेकांपासून प्रत्येकी ३० किलोमीटर अंतरावर आहेत. म्हणजे ती समभुज त्रिकोणाच्या तीन कोनांवर आहेत. कोणत्याही गावाहून इतर दोन्ही गावांना गाडीने जाता यावे, एवढीच अट आहे. तर कमीत कमी किती लांबीचे रूळ टाकावे लागतील?

सहज सुचणारे उत्तर असे, की त्रिकोणाच्या दोन भुजांवर रूळ टाकावेत. लांबी होईल ३० अधिक ३०, म्हणजे ६० किलोमीटर. पण याहून काटकसरीचा मार्ग आहे. त्रिकोणाच्या मध्यबिंदूवर एक फाटा कल्पावा आणि तेथून तिन्ही गावांकडे सरळ रेषा काढाव्यात. प्रत्येक रेषेची लांबी सुमारे १७.३ किलोमीटर भरते. तिन्हींची बेरीज सुमारे ५२ किलोमीटर होते. एका नव्या बिंदूची योजना करताच आठ किलोमीटर रूळ, त्यांखालचे स्लीपर, खडी आणि भराव यांची बचत झाली! त्या बिंदूवर पूर्वी एकही घर नसले तरी चालेल. वसती नसलेल्या जागी स्थानक उभे राहते आणि मग त्याच्याभोवती गाव वाढते, असे अनेक ठिकाणी घडते, त्यामागे पुष्कळदा असाच हिशोब असतो.

त्रिकोण समभुज नसेल तर हा बिंदू कोठे असेल? हे कोडे सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने घातले आणि इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली याने ते सोडविले. वायुभारमापकाचा शोध लावणारा टॉरिचेली तो हाच. उत्तर मोठे सुंदर आहे. ज्या बिंदूपासून निघणाऱ्या तिन्ही रेषा एकमेकींशी १२० अंशांचा कोन करतात, त्या बिंदूवर एकूण लांबी सर्वांत कमी होते. मात्र त्रिकोणाचा एखादा कोन स्वतःच १२० अंश किंवा त्याहून मोठा असेल, तर निराळा फाटा काढण्यात काही लाभ नसतो. अशा वेळी त्या कोनावरचे गाव हेच फाट्याचे गाव ठरते.

फळी, दोरे आणि वजने

हा सिद्धान्त शाळेत प्रयोगाने पडताळून पाहता येतो. एक गुळगुळीत फळी घ्यावी. तिच्यावर तीन गावांच्या जागी तीन भोके पाडावीत व त्यांच्या कडा पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत कराव्यात. तीन दोरे घेऊन त्यांची एकेक टोके एकत्र गाठ मारून बांधावीत. गाठ फळीवर ठेवून प्रत्येक दोरा एकेका भोकातून खाली सोडावा आणि त्याच्या टोकाला सारखे वजन अडकवावे. फळी आडवी व अधांतरी धरली म्हणजे गाठ इकडेतिकडे सरकून एका ठिकाणी स्थिर होते. घर्षणामुळे ती मध्येच अडकू नये म्हणून फळीवर हलकेच टिचक्या माराव्यात. स्थिर झालेल्या गाठीपाशी दोऱ्यांमधील कोन मोजले, तर ते तिन्ही १२० अंशांच्या जवळपास आढळतील.

असे का होते? वजने शक्य तितकी खाली उतरू पाहतात. ती जितकी खाली उतरतील, तितका दोरा भोकांतून खाली जातो आणि फळीवर कमी उरतो. म्हणून वजने सर्वांत खाली असतात तेव्हा फळीवरील दोऱ्यांची एकूण लांबी सर्वांत कमी असते. ज्या कोड्यासाठी आपण आकडेमोड करतो, ते गुरुत्वाकर्षण एका क्षणात सोडविते.

आता प्रयोगात थोडा बदल करावा. एका दोऱ्याचे वजन दुप्पट करावे. गाठ तत्काळ त्या भोकाकडे ओढली जाईल. या बदलाचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. सर्व गावांची ये-जा सारखी नसते. एका गावाकडे रोज शेकडो पोती धान्य जात असेल आणि दुसऱ्याकडे वर्षातून एकदा यात्रा जात असेल, तर दोन्ही वाटांना सारखेच महत्त्व देणे योग्य होणार नाही. जिकडे वाहतूक अधिक, तिकडचे वजन जड. आणि फाटाही तिकडेच सरकतो.

बांधणारा आणि प्रवासी

या प्रयोगातून आणखी एक तत्त्व हाती लागते. रूळ टाकणाऱ्याचे हित आणि प्रवास करणाऱ्याचे हित नेहमी एकच नसते. समभुज त्रिकोणाच्या उदाहरणात फाटा मध्यभागी ठेवल्याने बांधणाऱ्याचे आठ किलोमीटर वाचले. पण एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्याला सरळ ३० किलोमीटरांऐवजी सुमारे ३५ किलोमीटर जावे लागेल. बांधकामाचा खर्च एकदाच होतो; वळशाचा खर्च मात्र प्रत्येक गाडीला, प्रत्येक पोत्याला आणि प्रत्येक प्रवाशाला वर्षानुवर्षे सोसावा लागतो. म्हणून जेथे भांडवल दुर्मिळ व वाहतूक थोडी, तेथे फाटा मध्यभागी असावा; आणि जेथे वाहतूक भरपूर, तेथे मुख्य वाट शक्य तितकी सरळ असावी, असा साधारण नियम सांगता येईल.

आता रायपूर जिल्ह्याचा नकाशा पाहू. रायपूर व धमतरी यांना जोडणारी सरळ रेषा जवळजवळ उत्तर-दक्षिण जाते. परंतु लोहमार्ग त्या रेषेवरून गेलेला नाही. रायपूरहून निघून तो प्रथम आग्नेयेकडे, म्हणजे राजिमच्या दिशेला झुकतो. अभनपूरला पोहोचल्यावर मुख्य वाट नैऋत्येकडे वळून कुरुदमार्गे धमतरीला जाते आणि शाखा पुढे आग्नेयेस राजिमकडे जाते. तिसऱ्या गावाच्या ओढीने वाकलेल्या दोऱ्यासारखीच ही आकृती दिसते.

आखणी करणाऱ्यांनी फळीवर दोरे ताणून जागा ठरविली, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. प्रत्यक्ष आखणी करताना जुने रस्ते, वाटेवरची गावे, नाले, इंजिनासाठी लागणारे पाणी आणि जमिनीची किंमत अशा अनेक गोष्टी पाहाव्या लागतात. विद्यार्थ्यांनी नकाशा व कोनमापक घेऊन अभनपूरपाशी होणारे तिन्ही कोन मोजावेत. ते सारखे आढळणार नाहीत. तरीही फाट्याचे ठिकाण तिन्ही गावांनी घेरलेल्या त्रिकोणाच्या आत आहे, आणि एकूण लांबीच्या दृष्टीने ते आदर्श बिंदूपेक्षा फारसे खर्चिक नाही. शास्त्रीय नियम व्यवहारात असाच दिसतो. तो तंतोतंत पाळला जात नाही. पण त्याच्यापासून फार दूर जाणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागते.

अडीच फुटांचे अंतर

आता दुसरा प्रश्न. दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतराला 'माप' किंवा 'गेज' म्हणतात. भारतात मुख्यतः तीन प्रकार प्रचलित झाले. रुंदमापी किंवा ब्रॉड गेज मार्गात हे अंतर साडेपाच फूट, म्हणजे १,६७६ मिलिमीटर असते. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला गेलेली गाडी याच मापाच्या रुळांवरून धावली. पुढे १८७० च्या सुमारास खर्च कमी करण्यासाठी सरकारने एक मीटर रुंदीचे माप स्वीकारले. याहूनही लहान असे अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटरांचे, आणि दोन फुटांचे, म्हणजे ६१० मिलिमीटरांचे माप. या दोहोंना अरुंदमापी किंवा नॅरो गेज म्हणतात.

अडीच फुटी मापाच्या इतिहासात मराठी संस्थानांचा व प्रदेशाचा मोठा वाटा आहे. बडोद्याच्या गायकवाडांनी डभोई ते मियागाम हा मार्ग १८६२ साली बांधला. त्याचे रूळ इतके हलके होते की प्रारंभी त्यावरील गाड्या बैल ओढीत असत. पुढे १८९७ साली सोलापूर जिल्ह्यात 'बार्शी लाइट रेल्वे' सुरू झाली. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याने एक मोलाची गोष्ट दाखवून दिली. रुळांचा खर्च केवळ मापावर अवलंबून नसून एका आसावर किती भार पडतो यावर अवलंबून असतो. त्याने कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, असा नियम केला. मोठ्या वाघिणीला दोनऐवजी चार आस दिले, म्हणजे प्रत्येकी पाच टनांप्रमाणे एकूण वीस टन भार ती सहज पेलू शकते. त्यामुळे दर वाराला ३० पौंड, म्हणजे दर मीटरला सुमारे १५ किलोग्रॅम वजनाचे हलके रूळ पुरेसे झाले. आजच्या मुख्य रुंदमापी मार्गांवर दर मीटरला ६० किलोग्रॅम वजनाचे रूळ वापरतात, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे किती लोखंड वाचले याची कल्पना येईल.

मातीकामातही बचत होते. समजा, दोन मीटर उंचीचा भराव घालावयाचा आहे आणि त्याच्या बाजूंचा उतार असा आहे की एक मीटर उंचीला दोन मीटर पाया सुटतो. वरची रुंदी रुंदमापी मार्गासाठी सहा मीटर धरली तर भरावाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ २० चौरस मीटर होते. अरुंद मार्गासाठी वरची रुंदी ३.६ मीटर धरली तर ते १५.२ चौरस मीटर होते. म्हणजे दर किलोमीटरला ४,८०० घनमीटर माती कमी लागली. मात्र माप निम्म्याहून लहान झाले तरी माती निम्मी झाली नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अरुंद मापाचा तिसरा लाभ वळणावर दिसतो. आगगाडीची दोन्ही चाके आसाला घट्ट बसविलेली असतात. ती एकाच वेगाने फिरतात. परंतु वळणावर बाहेरच्या रुळाची लांबी आतल्या रुळापेक्षा अधिक असते. गाडी काटकोनात वळली तर हा फरक रुंदमापी मार्गावर सुमारे २.६३ मीटर, तर अडीच फुटी मार्गावर केवळ १.२० मीटर असतो. वळण मोठे असो वा लहान, हा फरक तेवढाच राहतो. तो भरून काढण्यासाठी चाकांचा पृष्ठभाग किंचित निमुळता केलेला असतो. वळणावर चाके बाहेर सरकतात, बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर आणि आतले लहान घेरावर चालते. ज्या मार्गात भरून काढावयाचा फरक कमी, त्याला अधिक तीव्र वळणे झेपतात. म्हणूनच नेरळहून माथेरानला चढणारी गाडी १९०७ सालापासून दोन फुटी रुळांवरून नागमोडी वाट काढते.

येथे चाणाक्ष वाचक थांबेल आणि विचारील, की अभनपूरच्या सपाट भातखाचरांत तीव्र वळणांची गरजच काय होती? प्रश्न अगदी योग्य आहे. तशी गरज तेथे नव्हती. डोंगरात अरुंद माप निवडण्यास दोन कारणे होती, वळणे आणि खर्च. छत्तीसगडच्या मैदानात एकच कारण उरले, आणि ते म्हणजे प्रारंभीचा खर्च. थोड्या वाहतुकीसाठी स्वस्त मार्ग, एवढेच त्याचे प्रयोजन होते. पुढे जे घडले त्याचे बीज याच गोष्टीत आहे.

दोन मापांच्या सीमेवर

माप बदलले म्हणजे डबा पुढे जाऊ शकत नाही. राजिम किंवा धमतरीहून निघालेली वाघीण रायपूरला येऊन थांबत असे. मुंबई-हावडा मुख्य मार्ग तेथे समोर असूनही तिला त्यावर चढता येत नसे. अशा ठिकाणी माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागतो. यालाच मालाची फेरचढाई म्हणतात.

तिचा खर्च एका कल्पित उदाहरणाने समजेल. एका वाघिणीत १५ टन तांदूळ आहे आणि प्रत्येक पोते १०० किलोग्रॅमचे आहे. म्हणजे १५० पोती झाली. अशा २० वाघिणींच्या गाडीत ३,००० पोती असतील. मालधक्क्यावर २० हमाल आहेत आणि एक पोते उचलून समोरच्या डब्यात ठेवून परत येण्यास प्रत्येकाला दोन मिनिटे लागतात. तर प्रत्येकाच्या वाट्याला १५० पोती येतात आणि विसावा न घेता काम केले तरी पाच तास लागतात. तेवढा वेळ दोन्ही गाड्या अडकून पडतात. पोती फाटतात, धान्य सांडते आणि पावसाळ्यात माल भिजतो. फेरचढाईचा हा भुर्दंड मालाला प्रत्येक खेपेस पडतो. मग शेतकरी दहा किलोमीटरांवरून माल आणो की शंभर. म्हणून जवळच्या वाहतुकीला तो विशेष जड जातो.

याची दुसरीही बाजू पाहिली पाहिजे. जो खर्च व्यापाऱ्याला भुर्दंड वाटे, तीच हमालाची मजुरी होती. माप बदलण्याच्या ठिकाणी हमाल, गाडीवान, अडते, खाणावळवाले आणि मुक्कामाचे प्रवासी जमत. सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी येथे बार्शी लाइट रेल्वेचे अरुंद रूळ मुख्य मार्गाला येऊन मिळत, आणि गावाचे जीवन त्या भेटीभोवती वाढले. मिरजेची स्थिती तर अपूर्व होती. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ साली रुंदमापी झाला. दक्षिणेकडे जाणारा मार्ग मीटरमापीच होता. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारा मार्ग अरुंदमापी. त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत मिरज स्थानकात तिन्ही मापांचे रूळ नांदत होते. प्रवासी याला मिरजेचे वैशिष्ट्य म्हणत. रेल्वेच्या व्यवस्थापकांच्या दृष्टीने ती अडचण होती. दोन्ही म्हणणी खरी होती.

अभनपूरची गोष्ट याहून थोडी वेगळी होती. तेथे मुख्य वाट व शाखा एकाच मापाच्या असल्याने डबे इकडून तिकडे सहज वळविता येत. फेरचढाईचे ओझे रायपूरवर पडे. अभनपूरकडे फाट्याचे काम होते. गाडी थांबावी, सांधे बदलावेत, राजिमचे यात्रेकरू एका बाजूला आणि धमतरीचे प्रवासी दुसऱ्या बाजूला जावेत, असे ते काम. त्या प्रदेशातील लोक या मार्गाला 'छोटी लाइन' म्हणत.

अरुंद रुळांचा शेवट

१९९२ साली भारतीय रेल्वेने देशातील बहुतेक मार्ग एकाच रुंद मापाचे करण्याचे धोरण स्वीकारले. त्यामागील विचार आपण पाहिलेल्या हिशोबातूनच निघतो. वाहतूक थोडी असताना बांधकामातील बचत मोठी वाटते. वाहतूक वाढली की फेरचढाईचा आणि मंद गतीचा खर्च त्या बचतीला गिळून टाकतो. शिवाय मोटार-ट्रक शेतकऱ्याच्या दारापासून थेट बाजारापर्यंत माल नेऊ लागले. त्यांच्याशी स्पर्धा करताना वाटेत माल उतरविणाऱ्या रेल्वेचा टिकाव लागणे कठीण होते. बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने रुंदमापी झाला. नागपूर, गोंदिया व जबलपूर यांच्या परिसरातील अरुंद रुळांचे विस्तीर्ण जाळेही असेच नाहीसे झाले. त्याची इंजिने व साधने नागपूरच्या मोतीबाग येथील, २००२ साली उघडलेल्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. माथेरानची छोटी गाडी मात्र टिकून आहे. डोंगर जागच्या जागी आहे, तोपर्यंत तेथील अरुंद रुळांचे कारणही जागच्या जागी आहे.

अभनपूरजवळ डोंगर नव्हता. रायपूर शहरातून जाणारा छोट्या लाइनीचा भाग बंद होऊन त्या पट्ट्यावर रस्ता झाला. केंद्री ते धमतरी आणि अभनपूर ते राजिम हे मिळून सुमारे ६७ किलोमीटरांचे मार्ग रुंदमापी करण्याचे काम हाती घेण्यात आले. ३० मार्च २०२५ रोजी रायपूर ते अभनपूर अशी रुंदमापी मार्गावरील प्रवासी गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षी पुढे ती सेवा राजिमपर्यंत गेली.

या बदलातील एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. नवी गाडी जुन्या वाटेने शहरातून येत नाही. ती रायपूरहून पूर्वेस मंदिर हसौदला जाते आणि तेथून नवा रायपूर या नियोजित नगरावरून दक्षिणेस उतरून केंद्री व अभनपूर गाठते. फळीवरच्या प्रयोगाच्या भाषेत सांगावयाचे तर उत्तरेकडील भोक बदलले. नियमाप्रमाणे गाठ थोडी तरी सरकावयास हवी होती. परंतु ती सरकली नाही. फाटा अभनपूरलाच राहिला.

याचे कारण असे, की दोऱ्याच्या गाठीला घर नसते, पण फाट्याला गाव असते. सव्वाशे वर्षांत तेथे बाजार, शाळा, कचेऱ्या आणि वस्ती वाढली. जगदलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि राजिम-गरियाबंदकडे जाणारा रस्ता हेही अभनपूरलाच एकमेकांपासून वेगळे होतात. रेल्वेची जमीनही तेथे आधीच उपलब्ध होती. आदर्श बिंदू थोडा बाजूला असला, तरी तेथे नव्याने फाटा काढण्यात बचत थोडी आणि मोडतोड फार. प्रारंभी फाट्यामुळे गावाला महत्त्व आले. पुढे गावामुळे फाटा टिकला.

आपल्या गावाचा प्रश्न

अभनपूरच्या वैशिष्ट्याचे आता दोन भाग करता येतात. रुळांची रुंदी हा एक भाग. तो त्या काळच्या पैशाच्या टंचाईचे उत्तर होता. टंचाईचे स्वरूप बदलताच तो गेला. फाट्याची जागा हा दुसरा भाग. तो तीन ठिकाणांच्या परस्पर स्थितीचे उत्तर होता. रायपूर, धमतरी व राजिम ही आपापल्या जागी आहेत, म्हणून तो राहिला. ज्या वैशिष्ट्याचे कारण टिकते, ते वैशिष्ट्य टिकते.

छोटी लाइन गेल्याचे दुःख ज्यांनी तिच्यातून प्रवास केला त्यांना होणे स्वाभाविक आहे, आणि ज्यांचा माल आता वाटेत न उतरता दूरवर जाऊ शकेल त्यांना समाधान वाटणेही तितकेच स्वाभाविक आहे. शास्त्र या दोहोंपैकी एकाची बाजू घेत नाही. कोणत्या बदलाने कोणाचे काय वाचते आणि कोणाचे काय जाते, हे ते नेमके मोजून दाखविते. तसे मोजून मग निर्णय घेणे हे समाजाचे काम आहे.

वाचकाने आता आपल्या गावाकडे पाहावे. त्याच्यात जे वेगळे आढळेल, मग ते वाकडा रस्ता असो, भलत्याच जागी भरणारा बाजार असो, किंवा गावाबाहेर एकटीच उभी असलेली विहीर असो, त्यासंबंधी तीन प्रश्न विचारावेत. हे येथेच का आहे? हे झाले तेव्हा कोणती अडचण सोडवावयाची होती? आणि ती अडचण आज उरली आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकाशात मिळेल, दुसऱ्याचे वृद्ध माणसांच्या आठवणींत व जुन्या कागदपत्रांत मिळेल. तिसऱ्याचे उत्तर मात्र प्रत्येकाने स्वतः गावात फिरून आणि मोजून काढावयाचे आहे.